पाचवी ओळ

७ जानेवारी

भिंगरी,

आशीर्वाद पहिल्याच ओळीत देऊन टाकतो, म्हणजे पुढे रागवायला मोकळा.

मी फोन करत नाही म्हणून तू मामीकडे तक्रार केलीस. फोनवर तू माझी तीन वाक्यं ऐकतेस आणि चौथं माझ्या तोंडातून काढून घेऊन स्वतःच पुरं करतेस. पत्रात तुला शेवटपर्यंत गप्प बसावं लागतं. ही सोय सोडायला मी खुळा नाही.

तुझा प्रोग्राम आमच्या रंगकारखान्यात बसून महिना झाला. चांगला आहे, कबूल. तेहेतीस वर्षं मी कापडाच्या रंगाची रेसिपी वहीत लिहायचो आणि चिठ्ठी करून वजनखोलीत पाठवायचो. आता वहीतले तेच आकडे पडद्यावर भरायचे, सगळ्यात खाली ‘सही’ म्हणून बटण आहे ते दाबायचं, की वजनखोलीत चिठ्ठी आपोआप छापून निघते. मालकीणबाई खूश आहेत. ‘हा प्रोग्राम माझ्या भाचीने केलाय’ हे मी त्यांना सहा वेळा सांगितलं. सातव्या वेळी त्यांनीच मला सांगितलं.

तक्रार एकच आहे. माझ्या उजव्या हाताची दोन बोटं हल्ली आखडतात. शून्य, टिंब, चार, दोन एवढं दाबेपर्यंत टिंब कुठेतरी सांडतं. मग ०.४२ टक्के लालच्या जागी ४२ होतात आणि तुझा प्रोग्राम ठळक अक्षरांत बोंब मारतो. चूक पकडतो ते ठीक, पण टायवाल्यासमोर पकडतो. टायवाला म्हणजे दुसऱ्या पाळीचा मास्तर. रंगाच्या कामाला टाय लावून येणारा मी पाहिलेला पहिला माणूस. तो टाय अजून स्वच्छ आहे, यावरून काय ते समज.

टाइप न करता आकडा घालता येईल असं काही होतं का? होत नसेल तर नाही म्हण. टंगळमंगळ नको.

मामा


१५ जानेवारी

मामा,

साष्टांग नमस्कार. शेवटपर्यंत गप्प बसून वाचलं, मामीला साक्षीला ठेवायला हवं होतं.

तुझं काम झालं! शनिवारी ऑफिसात कुणी नव्हतं, बसून उरकून टाकलं. आता आकड्याच्या चौकटीवर कर्सर ने आणि माऊसचं चाक फिरव. वर फिरवलंस तर आकडा वाढेल, खाली फिरवलंस तर कमी होईल. एक खटका म्हणजे ०.०१. टिंबाला हात लावायचा नाही.

हे कसं होतं ते सांगते, नाहीतर जादूटोणा म्हणशील. चाकाचा प्रत्येक खटका म्हणजे प्रोग्रामला आलेला एक निरोप: एक पाऊल वर, एक पाऊल खाली. पण तो कुणासाठी आहे हे निरोपावर लिहिलेलं नसतं. मग आम्ही बघतो, कर्सर कुणाच्या डोक्यावर आहे. त्याला आधी विचारायचं, बाबा रे, हा तुझा का? तो नाही म्हणाला तर तो ज्या मोठ्या चौकटीत बसलाय तिला विचारायचं, मग तिच्याही वरच्याला. खरं सांगते, आम्ही यांना आई-बाप आणि मुलंच म्हणतो. मुलाने नाकारलेला निरोप बापाकडे जातो, आणि कुणीच घेतला नाही तर शेवटी अख्खं पान घेतं आणि सरकतं. तुझी आकड्याची चौकट आजवर निरोप नाकारत होती. मी तिला तो घ्यायला शिकवलं. बारा ओळी फक्त! तीन रंगांच्या एका छोट्या रेसिपीवर करून बघितलं, लोण्यासारखं चाललं.

हे फक्त तुझ्या कारखान्यापुरतं सुरू केलंय. आमच्या प्रमुखबाईंना अजून बोलले नाही, त्या प्रत्येक गोष्टीचा कागद मागतात. मामाच्या बोटांचा कसला कागद देऊ?

तुझी,
भिंगरी


२ फेब्रुवारी

भिंगरी,

आशीर्वाद. आज जास्तीचे.

चाकाने आकडा हलतो तेव्हा मला लहानपणचा रेडिओ आठवतो, स्टेशन लागेपर्यंत हळूहळू फिरवायचा. टिंबाचा आणि माझा संबंध सुटला. टायवाला अजूनही टाइपच करतो, शेवटचा आकडा घातला की कीबोर्डवरूनच सही ठोकतो आणि चहाला जातो. वाचत बिचत काही नाही.

मी मात्र माझा नियम सोडलेला नाही. दोनदा वाचल्याशिवाय सही नाही. एकदा आकडे घालताना, आणि एकदा सगळे घालून झाल्यावर, पहिल्या ओळीपासून. माझ्या गुरूने हा नियम मला कान धरून शिकवला होता, म्हणजे अगदी खरोखर कान धरून. पूर्वी वहीवर बोट ठेवून वाचायचो, आता त्या बाणाचं टोक आकड्यावर ठेवून एकेक ओळ खाली येतो. डोळ्यांना बरं पडतं.

एक बारीकशी गोष्ट. लांब रेसिपी असली की खाली जाताना पान कधीकधी अडकतं. चाक तीन-चार खटके फिरतं आणि पान ढिम्म. माऊस जरा बाजूला सरकवला की सुटतं. चाकाच्या फटीत रंगाची पूड गेली असणार. इथे पूड कशात जात नाही? परवा मामीला माझ्या कानात निळी पूड सापडली. मी बारीक ब्रशने चाक साफ केलं, तरी अडकतंच.

मामी म्हणते, भाचीला चिठ्ठीभर आभार मान. मानले.

मामा


९ फेब्रुवारी

मामा,

घाईत लिहितेय. चाक अडकतं म्हणजे पूडच. फुंकर मार, नाहीतर नवा माऊस मागून घे. त्यात काय एवढं!

बातमी अशी की आमच्याकडे नवं मोठं काम येतंय आणि त्याची सूत्रं माझ्याकडे द्यायचं चाललंय. अजून पक्कं नाही, पण प्रमुखबाई माझ्याकडे बघून दोनदा हसल्या. त्या वर्षातून तीनदा हसतात.

भिंगरी


२१ मार्च

भिंगरी,

आशीर्वाद. दीड महिना मी पत्र लिहिलं नाही म्हणून मामीने तुला फोन केला, तेव्हा मी तिला ‘सगळं ठीक आहे’ सांगायला लावलं होतं. ठीक नाही.

आमचे तीन लॉट परत आले. आधी तपकिरी, मग शेवाळी, मग करडा. गिऱ्हाइकाकडे रंग मोजायचं यंत्र आहे, त्याने नापास केले. तिन्ही रेसिपींवर माझी सही. कापड मशीनमधून निघालं ते दुसऱ्या पाळीत, टायवाल्याने ‘ठीक’ म्हणून पाठवून दिलं, पण ते कोण विचारतो? परत आलेला तागा मी उजेडाच्या पेटीखाली धरला, म्हणजे जिथे नमुना आणि कापड शेजारी शेजारी ठेवून आम्ही रंग ताडतो तिथे, आणि बघताक्षणी म्हणालो, निळा कमी पडलाय. मालकीणबाई म्हणाल्या, ‘मास्तर, परत आल्यावर आता सगळ्यांनाच दिसतंय.’

मग त्यांनी मला आत बोलावलं. दार लोटून घेतलं, तेव्हाच समजलो. ‘तपकिरी, शेवाळी, करडा. डोळ्यांना सगळ्यात अवघड रंग हेच ना? पिवळा, लाल, गुलाबी तुमचे आजही बिनचूक येतात. साठीनंतर असं होतं, मास्तर. माझ्या वडिलांचंही झालं होतं.’ बाई वाईट नाही. वाईट असती तर भांडता आलं असतं.

एप्रिलअखेर त्या ठरवणार आहेत. तोवर काही बदललं नाही तर पेटीसमोरची माझी खुर्ची टायवाल्याला, आणि मी गोदामात तागे मोजायला. पगार तोच राहील म्हणाल्या. पगाराचं कोण बोलतंय? तेहेतीस वर्षं त्या खुर्चीत बसलोय मी.

माझे डोळे उत्तम आहेत. ते मला माहीत आहेत, जसे तुला तुझे प्रोग्राम माहीत असतात. म्हणून तुला विचारतो: मी घातलेला आकडा तुझ्याकडे वाटेत बदलत तर नाही ना?

मामा


२८ मार्च

मामा,

वाचून रडू आलं, मग राग आला, मग कामाला लागले.

तुझ्या तिन्ही रेसिपींची नोंद काढली. सहीच्या क्षणी जे आकडे पडद्यावर होते, तेच चिठ्ठीवर छापले गेलेत, एका टिंबाचा फरक नाही. वाटेत काही बदलत नाही. माझ्या लॅपटॉपवर मी तुझी तपकिरी रेसिपी शंभर वेळा भरली. अक्षरशः शंभर, रेघा मारून मोजल्या. दोन बोटांनी पान वर केलं, खाली केलं. एकदाही आकडा जागचा हलला नाही. हे काम मी केलंय मामा, आणि मी ते छातीठोकपणे सांगू शकते.

आता जे लिहितेय ते रागावून न वाचता वाच. एकदा डोळे तपासून घे ना. मोतीबिंदू असेल तर अर्ध्या तासाचं काम. आकडा वाचताना तीनाचा आठ दिसला असेल, कुणालाही दिसतो. यात कमीपणा कसला?

तुझीच,
भिंगरी


९ एप्रिल

भिंगरी,

आशीर्वाद पहिल्या ओळीत देण्याचा नियम किती शहाणपणाचा आहे ते आज पटलं. दिला एकदाचा. आता ऐक.

उंटावरून शेळ्या हाकणं सोपं असतं. तिकडे बसून शंभर रेघा मारल्यास, मी इथे वजनखोलीत जाऊन तारेला टोचलेल्या सगळ्या चिठ्ठ्या उतरवल्या आणि माझ्या वहीशी ताडून पाहिल्या. वही माझ्या हातची, चिठ्ठी माझ्या सहीची. अकरा ठिकाणी फरक सापडला. ते घेऊन मालकीणबाईंकडे गेलो तर त्या म्हणाल्या, ‘खाली सही तुमचीच आहे ना?’ म्हणजे माझ्याच हाताने माझ्याच गळ्यात.

पण मी पण मास्तर आहे. अकरा चुका टेबलावर मांडल्या आणि रंग बघतात तशा बघत बसलो. दोन गोष्टी दिसल्या.

एक, चूक नेहमी पाचव्या ओळीत आहे, जिथे या रंगांत मी निळा लिहितो. अकराच्या अकरा. चौथीत नाही, सहावीत नाही. दोन, आकडा नेहमी कमीच झालाय. ०.१८ चे ०.१५, ०.३१ चे ०.२७. एकदाही जास्त नाही. माझ्या हाताखालून चाळीसेक माणसं गेली, त्यांच्या चुका मी पाहिल्यात. माणूस चुकतो तेव्हा दोन्ही अंगांना चुकतो, कधी जास्त, कधी कमी, कधी वरच्या ओळीत, कधी खालच्या. डोळे अधू झालेला माणूस तर कुठेही चुकेल. तो दर वेळी पाचवी ओळ शोधून काढून तिथेच, आणि कमीच, कसा चुकेल? ही माणसाची चूक नव्हे. याला कुणीतरी खाली ओढतंय.

आणखी एक. हे मी आधी लिहिलं नव्हतं, मामीलाही सांगितलं नाही. दुसऱ्यांदा वाचताना पाचवा आकडा कधीकधी मला चुकलेला सापडायचा. मी बरोबर घातला होता असं वाटायचं, आणि तिथे दुसरंच काही. दुरुस्त करायचो आणि पुढे जायचो. वाटायचं, हेच ते म्हातारपण, असंच सुरू होत असणार. भिंगरी, त्या वेळी मला भीती वाटली होती. खरी भीती.

तुझं ऐकून डोळ्यांच्या डॉक्टरकडेही जाऊन आलो. त्याने लिहून दिलेला कागद माझ्या खिशात आहे. काय लिहिलंय ते सांगणार नाही.

मामा


१४ एप्रिल

मामा,

चूक माझी आहे.

हे एवढंच लिहून पत्र संपवावं असं वाटलं होतं, पण तुला कारण कळायला हवं.

तुझं पत्र आज सकाळी ऑफिसात मिळालं. ‘पाचवी ओळ’ वाचून मी तुझ्या कारखान्यातल्या पडद्याची मापं काढली. तुमचे पडदे जुने, छोटे. तपकिरी, शेवाळी, करड्याची लांब रेसिपी त्यावर मावत नाही; पिवळा, लाल, गुलाबी छोट्या, त्या मावतात, म्हणून बिनचूक. पहिल्या खेपेला दिसतात फक्त पाच ओळी. पाचवी ही दिसणारी शेवटची. मग मला तुझं फेब्रुवारीतलं पत्र आठवलं. बाणाचं टोक आकड्यावर ठेवून तू एकेक ओळ खाली येतोस. पाचव्या ओळीवर येतोस, पुढचं दिसत नाही, म्हणून पान सरकवायला चाक खाली फिरवतोस. आणि तुझा बाण अजून पाचव्या आकड्यावरच आहे. निरोप पानाचा, पण माझी चौकट तो मध्येच घेते, कारण घ्यायला तिला मीच शिकवलं. पान ढिम्म, तू तीन-चार खटके देतोस आणि आकडा तीन-चार पावलं खाली जातो. तोवर तुझी नजर वहीतल्या सहाव्या ओळीवर गेलेली असते. मग तू माऊस सरकवतोस, पान सुटतं.

पान अडकतं असं तू मला लिहिलं होतंस. मी लिहिलं, फुंकर मार.

तरी शंभर वेळा करून मला का दिसलं नाही? मी लॅपटॉपवर बोटांनी सरकवत होते. तिथे खटके नसतात, निरोप अगदी बारीक तुकड्यांत येतो. एका खटक्यापेक्षा लहान तुकडा माझी चौकट नाकारते, म्हणून तो पानाकडे जात होता. आज जेवणाच्या सुट्टीत शेजारच्या टेबलावरचा चाकाचा माऊस लावला, खिडकी तुझ्या पडद्याएवढी केली आणि तुझ्यासारखं वाचलं. पहिल्याच खेपेला ०.१८ चे ०.१५ झाले.

सगळ्यात लागलं ते हे. टायवाला वाचत नाही, चाकाला हात लावत नाही, म्हणून त्याचे आकडे शाबूत. तू दोनदा वाचतोस म्हणून तुझे बिघडले. तुझ्या नियमाने तुला गोत्यात आणलं, आणि तो खड्डा मी खणून ठेवला होता, तुझी बोटं दुखू नयेत म्हणून. करायला गेले एक आणि झालं भलतंच.

डॉक्टरांच्या कागदात काय आहे ते तू सांगत नाहीस, म्हणजे ते मला कळलं. पण डोळे कसेही असोत, या अकरा चुका त्यांच्या नाहीत. चाकाचं ते सगळं मी आत्ताच बंद केलंय. आता प्रमुखबाईंना सांगणार आहे आणि तुमच्या मालकीणबाईंना लेखी कळवणार आहे.

मला माफ कर. फोनवर सांगितलं असतं, पण मधेच तू काहीतरी चांगलं बोलला असतास.

भिंगरी


१८ एप्रिल

भिंगरी,

आशीर्वाद. तुझं पत्र आज सकाळी आलं. मालकीणबाईंना काही लिहू नको. ऐकतेस ना? थांब तिथेच.

तू न विचारता, कागद न करता कामात बदल केलास. आमच्याकडे कुणी परस्पर रेसिपी बदलली तर त्याला दुसऱ्या दिवशी आत घेत नाहीत. तुमच्याकडे काय वेगळं असणार? नवं काम तुझ्याकडे यायचंय, तुझं सगळं पुढे आहे. माझं काय? बसून बसून आणखी चार वर्षं. तागेही कुणीतरी मोजावेच लागतात.

म्हणून मी आजच दुपारी मालकीणबाईंना लिहून दिलं: ‘माझ्या डोळ्यांना हल्ली बारीक फरक दिसत नाहीत, या चुका माझ्याच आहेत, खुर्ची सोडायला मी तयार आहे.’ खाली सही केली. पहिल्यांदाच न वाचता केली.

चाक तू बंद केलंस, आता कुणाचं वाईट होणार नाही. विषय संपला. मामीला यातलं अक्षर कळता कामा नये.

मामा


१८ एप्रिल

मामा,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा तुझ्या मालकीणबाईंना माझं पोचलेलं असेल. परवाच पाठवलं, चार पानी, चित्रं काढून. पाचवी ओळ कशी खाली जाते ते त्यांनी स्वतः करून बघावं म्हणून बाण कुठे ठेवायचा, किती खटके द्यायचे, सगळं लिहिलंय. शेवटी लिहिलं: ‘मास्तरांनी त्यांचं काम चोख केलं, मी माझं केलं नाही.’

प्रमुखबाईंना आधी सांगितलं होतं. त्या ओरडल्या नाहीत. ऐकून घेतलं, मग विचारलं, ‘हे शोधलं कुणी?’ म्हटलं, मामाने. ‘त्यांना प्रोग्रामिंग येतं?’ म्हटलं, रंग येतो. त्या या वर्षी तिसऱ्यांदा हसल्या.

मग त्यांनी नवं काम दुसऱ्याकडे दिलं. वाईट वाटलं, नाही कशाला म्हणू? पण योग्यच आहे. आणि आमच्याकडे आजपासून नियम झाला: लिहिलेली एक ओळही दुसऱ्या माणसाने वाचल्याशिवाय बाहेर जायची नाही. तुझा कान धरणारे गुरू आमच्या ऑफिसात पोचले बघ.

तुझ्या बोटांचीही सोय केलीये, या वेळी कागद करून. आकड्याच्या दोन बाजूंना अधिक आणि उणे अशी दोन मोठी बटणं. चाक मात्र फक्त पानाचं. प्रमुखबाई म्हणाल्या, जी गोष्ट बघायला म्हणून फिरवतात, तिने काही बदलता कामा नये.

भिंगरी


२७ एप्रिल

भिंगरी,

आशीर्वाद, आणि दोन शिव्या, प्रेमाच्या.

परवा मालकीणबाईंनी आत बोलावलं. टेबलावर दोन कागद शेजारी शेजारी ठेवलेले, नमुना आणि कापड ठेवतात तसे. एक तुझा, चार पानी. एक माझा, चार ओळी. म्हणाल्या, ‘वडिलांच्या वेळेपासून बघतेय, या कारखान्यात चूक कबूल करणारा माणूस मिळाला नाही. पाणी खराब, हवा दमट, कापडच जुनं. आणि तुमच्या एका घरातून एका आठवड्यात दोन-दोन! घरी चुका वाटून घेता की काय?’ मी खाली मान घालून उभा. एकसष्टाव्या वर्षी.

तू लिहिलं होतंस तसं त्यांनी स्वतः करून पाहिलं होतं. टायवाल्यालाही करायला लावलं. त्याचाही आकडा खाली गेला, चेहराही. मग त्यांनी माझा कागद उचलला. ‘हा खरा की तुमच्या भाचीचा?’ मी म्हटलं, दोन्ही. ‘बरं,’ म्हणाल्या आणि उजेडाच्या पेटीत तपकिरी कापडाचे सहा तुकडे टाकले. पाठीमागे त्यांनी क्रमांक लिहिले होते. ‘निळा कमी ते निळा जास्त, असे लावा.’

मला चुकायचं होतं गं. शब्द दिला होता स्वतःला. पण तुकडे समोर आले आणि हात आपोआप लावत गेले. चुकीचं लावणं मला जमलंच नाही. सहाच्या सहा बरोबर. टायवाल्याचे दोन उलटे लागले. त्याला आता पेटीसमोर माझ्या शेजारी बसवलंय, मी शिकवणार आहे. टाय काढून ये म्हटलं, तर खरंच काढून आला.

माझा कागद त्यांनी माझ्यासमोर फाडला. खुर्ची माझी आहे.

आता खिशातला कागद. डॉक्टरने लिहिलं होतं: दूरचं, जवळचं, रंगांचं, सगळं उत्तम, वयाच्या मानाने आश्चर्य. सांगितलं का नाही? डोळे चांगले, तर मग चूक कुणाची, असा प्रश्न उरत होता. त्याचं उत्तर मला तेव्हाही अंधुक दिसत होतं, आणि मला ते नको होतं.

तुझं नवं काम गेलं त्याचं वाईट वाटतं. पण तू चार पानं लिहिलीस तो दिवस मी विसरणार नाही. अधिक-उणेची बटणं छान आहेत. मामीला सगळं कळलं, ती दोन दिवस बोलत नाहीये. मला शांतता हवीच होती, पण एवढी नव्हे.

सोबत कापडाचे दोन तुकडे पाठवतोय. दोन्ही तपकिरी. एकात निळा ०.१८, म्हणजे माझ्या वहीतला. दुसऱ्यात ०.१५, तुझ्या चाकाचा. कुठला कुठला ते ओळखून कळव.

मामा


५ मे

मामा,

साष्टांग नमस्कार.

तुकडे खिडकीत धरून पाहिले. ट्यूबखाली पाहिले. बाहेर उन्हात नेऊन पाहिले. अदलाबदल करून, उलटे करून, एकमेकांवर ठेवून पाहिले. ऑफिसात सात जणांना दाखवले, प्रमुखबाईंनी चष्मा पुसून पाहिले. सगळ्यांचं एकच म्हणणं, हे एकच कापड कापून दोन तुकडे केलेत.

दोन्ही माझ्या टेबलावर लावून ठेवलेत, शेजारी शेजारी. अजून दिसलं नाही.

उद्या डोळे तपासायला जाते.

तुझी,
भिंगरी